पडद्यामागचं गिऱ्हाईक

सुईयू इमू फार तर फूचौच्या बाजारापर्यंत गेली असेल. पण अमेरिकेतला भुकेला माणूस फोनवर कसा खेकसतो, हे चीनच्या किनाऱ्यालगतच्या आमच्या लांगची बेटावर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे मी तिकडच्या हॉटेलात फोन उचलत बरीच वर्षं काढली, म्हणून सांगते. पहिल्याच दिवशी एक बाई फोनवर अशी कडाडली की मला वाटलं, ही इमूच!

इमू म्हणजे आमच्या बोलीत मावशी; सगळं गावच तिला तसं म्हणायचं. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत रोज सकाळी शिकवणी भरायची. बेटावरची तरणी माणसं अमेरिकेत जाऊन आपल्याच लोकांच्या पार्सलच्या हॉटेलांत राबायची. फोनवर ऑर्डर घेता आली की गल्ल्यापाशी उभं राहायला मिळायचं. नाही आली की मागे, कोळंबी सोलत. तेवढ्यासाठी आम्ही इमूकडे जायचो. पुस्तक वगैरे काही नाही. तिचा नवरा बाओशान तिकडे कढईवर होता, त्याने पाठवलेलं हॉटेलचं घडीचं मेन्यूकार्ड, तेच आमचं पुस्तक.

पहिला शब्द राइस. इमूने टेबलावर साळीची एक लोंबी ठेवली, शेजारी मूठभर तांदूळ आणि वाडगाभर भात.

"हे तिन्ही राइस," ती म्हणाली.

आम्ही खो खो हसलो. मागून चाइयुन म्हणाली, "अगं बाई! मग भुकेल्याला काय शेतात नेऊन सोडतात की काय?" चाइयुन माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी. महिनाभरात नवऱ्याकडे निघाली होती आणि तोंडाने भलतीच फटकळ.

"हस हस," इमू म्हणाली. "त्यांना ना शेत दिसतं, ना तांदूळ. त्यांना दिसतो कागदी डबा. म्हणून गिऱ्हाईक राइस म्हणालं की ढिम्म बसायचं नाही. लगेच विचारायचं, पांढरा की परतलेला? पांढरा फुकट, परतलेल्याला वर पैसे. हे न विचारता डबा भरलास तर गिऱ्हाईक दारात येऊन भांडेल आणि मालक तुझ्या टाळक्यात झारा घालेल."

आणि मग परीक्षा. खोलीत मधोमध एक फुलाफुलांचा पडदा होता. इमू त्याच्या पलीकडे जाऊन बसायची आणि तिथून कधी दारू प्यायलेला बाप्या बोलायचा, कधी बहिरी म्हातारी, कधी कडेवर रडकं पोर घेतलेली बाई. आवाज वेगळा, बोलायची ढब वेगळी, चिडायची तऱ्हासुद्धा वेगळी! इमू आत एकटीच आहे हे माहीत असूनही मला घाम फुटायचा. एकदा तर मी पडदा सारून बघून घेतलं. इमू पायावर पाय टाकून शेंगा सोलत होती.

हे ती शिकली कुठे? तर कानाने. बाओशान दर आठवड्याला मोबाइलवरून फोन लावायचा, पण त्याला बोलायला सवड कुठली? तो फोन कढईवरच्या फळीवर ठेवून द्यायचा. इकडे इमू कानाला फोन लावून बसायची. कढईचा खडखडाट, मालकाच्या शिव्या, गल्ल्यावरची पोरगी गिऱ्हाइकांशी घालते ती हुज्जत, सगळं ऐकायची. नवरा-बायकोचं बोलणं म्हणाल तर शेवटी "ठेवतो" एवढंच. वर्षानुवर्षं असा संसार चालला आणि त्यातून ह्या बाईने परकी भाषा उचलली. आजही आठवलं की मी थक्क होते.

त्या पानगळीत फोन यायचा बंद झाला. बाओशानचा नंबर लागेना. गावाच्या जिभेला काय हाड असतं? कुणी म्हणे पोलिसांनी धरला, कुणी म्हणे दुसरी केली, आणि धक्क्यावरच्या बायका तर आवाज खाली करून तिसरंच बोलायच्या. इमूने शिकवणी एक दिवस चुकवली नाही. पण पडद्यामागच्या म्हातारीचा आवाज मध्येच विरायचा आणि आम्ही एकमेकींकडे बघत बसायचो.

एका सकाळी चाइयुन परीक्षेत पुन्हा अडकली आणि रडायला लागली. "खरं गिऱ्हाईक इतकं वाईट नसतं! तुम्हीच मेलं घाबरवता!"

इमू पडदा सारून बाहेर आली. "खरं हवंय? ऐक मग खरं."

तिने मेन्यूकार्ड उचललं. वर हॉटेलचा नंबर छापलेला होता. हॉटेलच्या फोनवर कधी म्हणजे कधी फोन करायचा नाही, मालक हॉटेल डोक्यावर घेतो, असं बाओशानने तिला बजावलं होतं. इमूने स्पीकर लावला आणि एकेक आकडा दाबला. ती हे चाइयुनसाठी करत नाहीये, हे आम्हाला सगळ्यांना कळलं.

तिकडे रात्रीची आवराआवर चालली असणार. बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"हॅलो," एक पुरुष म्हणाला. इंग्रजी अगदी मोडकंतोडकं.

इमूने डोळे मिटले. तो बाओशान होता. जिवंत होता!

मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. छे! तिने घसा खाकरला आणि त्या पोरवाल्या बाईच्या आवाजात कोळंबी मागितली, राइस मागितला. पलीकडून नुसतंच, "राइस... राइस..." तो घाबरला होता. पुढे काय विचारायचं ते त्याला येत नव्हतं.

"पांढराही असतो ना तुमच्याकडे? आणि परतलेला?" इमूने इंग्रजीतच, अगदी सावकाश विचारलं. "मला विचारा की, कुठला हवा."

"पांढरा... की परतलेला?"

"परतलेला. शाब्बास. आता नाव विचारा."

"नाव?"

चाइयुनने माझा हात करकचून धरला होता.

"सुईयू," ती म्हणाली. ह्या वेळी आवाज तिचा स्वतःचा होता.

पलीकडे कुणीतरी भांडी आपटत होतं. मग तेही थांबलं. आणि बाओशानने आमच्या बोलीत, आम्ही एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतो तसं, विचारलं, "भात खाल्लास का गं?"

"मेल्या! इतके दिवस कुठे उलथला होतास?" इमू किंचाळली आणि मग रडली.

त्याने सांगितलं ते एवढंच. कढई कलंडली, उजवा हात पोळला, मोबाइल तेलात गेला. आता झारा धरता येत नाही, म्हणून मालकाने फोनवर बसवलंय. "आणि मला हे जमत नाही गं. महिनाअखेर काढून टाकणार म्हणतोय. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

इमूने बाहीने नाक पुसलं. आमच्याकडे वळली. "तुम्ही उद्या या," म्हणाली.

आम्ही गल्लीत आलो. जायला कुणाचा पाय निघेना. बंद दारामागे बहिरी म्हातारी ओरडून राइस मागत होती, आणि बाओशान अडखळत विचारत होता, पांढरा की परतलेला. चुकला की ती त्याला शिव्या घालायची आणि पुन्हा पहिल्यापासून मागायची.