खालचा सा

दुसऱ्या कडव्याच्या मधोमध कुमुदताई थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हात उचल."

मी उजवा उचलला.

"दोनी उचल. आता मी म्हणते, तू नुसतं आयक."

त्यांनी ते कडवं एकटीनं म्हटलं. मग विचारलं, "आता सांग, तू कुठं पाहिजे होता?"

अमरावतीला त्यांच्या घरी आमची ही पहिली प्रॅक्टिस होती. मी अकोल्याहून सकाळच्या एसटीनं कीबोर्ड मांडीवर घेऊन आलो होतो. नऊ वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं होतं. आपल्याला सगळं येतं, अशी माझी समजूत होती.

ऑर्केस्ट्रात एक बटन दाबलं की ढोलक, बेस, गिटार आपोआप सुरू होतात. त्याला आम्ही 'स्टाइल' म्हणतो. मशीन पुढे पळतं आणि गायक त्याच्या मागे. साथीला बसलं की हे सगळं उलटं होतं. गायक पुढे, आपण मागे, आणि मागे असूनही उशीर झालेला चालत नाही.

पण ऑर्केस्ट्रा बंद पडला होता. त्या वर्षांत आमच्याकडे सकाळचा पेपर उघडायची भीती वाटायची. कापूस गेला, त्यामागे सोयाबीन गेलं. ज्या गावात मागच्या आठवड्यात मयत झाली तिथं नाचाची गाणी कोण लावणार? गणपतीतले कार्यक्रम एकेक करून रद्द झाले आणि आमच्या मालकानं साउंड सिस्टिम विकून टाकली. भजनांचे, भक्तिगीतांचे कार्यक्रम तेवढे उरले.

माझे अब्बा अकोल्यात पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करत. कुमुदताईंची पेटी त्यांच्याकडे यायची. ताई शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेल्या. अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत त्यांचं नाव होतं. त्यांच्याबरोबर वीस वर्षं पेटीवर बसणारे गृहस्थ वारले, तेव्हा अब्बांनी मला पुढे केलं. म्हणाले, "बाई के साथ बैठ. दो महीने में बजाना भूल जाएगा, फिर सीखेगा."

तसंच झालं. ताई नोटेशन देत नसत. एकेक गोष्ट सांगत आणि महिनाभर तीच करून घेत.

"मी जे म्हणून राहिली थेच तू वाजवून राहिला. मंग दोघं कायले पाहिजे? मी श्वास घेते तिथं जागा सुटते. थे भर. पन सगळी नको भरू."

"श्वास कधी घेणार ते मला कसं कळणार?"

"तोंडाकडे नको पाहू. खांद्याकडे पाह्य."

मी खांद्याकडे बघायला शिकलो. खांदा जरासा वर गेला की माझी जागा आली. डाव्या हातानं खालचे सूर धरून ठेवायचे, उजव्या हातानं एक छोटा तुकडा टाकायचा आणि बाजूला व्हायचं. दोन महिन्यांनी ताई पहिल्यांदा काहीच बोलल्या नाहीत. तबल्यावरचे प्रभाकरराव मला म्हणाले, "पास झाला तू."

प्रभाकरराव साठीचे, बोलायला कमी. ते ताईंच्या उजव्या हाताला बसत आणि मी डाव्या. कीबोर्ड मी लाकडी चौरंगावर ठेवायचो. त्या चौरंगाच्या कडेवर ताई डाव्या हाताची बोटं टेकवून गात. बसायला आधार लागत असेल, असं मला वाटे.

एक दिवस प्रॅक्टिसमध्ये मी जागा भरण्यासाठी बासरीचा टोन लावला. वरच्या सप्तकात, म्हणजे बारीक आवाजात, छान वाजत होता. पण त्या दिवशी ताई सारख्या सुरावरून घसरत होत्या. मी टोन बदलला, खालच्या जाड सुरांवर आलो. ताई लगेच जागेवर आल्या. पुन्हा बासरी लावली. पुन्हा घसरल्या.

मला शंका आली. मग मी एक वाईट गोष्ट केली. मुद्दाम वरचा सा चुकीचा वाजवला. अर्धा सूर चढा. लहान मूलही दचकेल इतका चुकीचा.

ताई गात राहिल्या. डोळे मिटलेले, चेहरा शांत.

प्रभाकररावांनी माझ्याकडे बघितलं. हात तबल्यावर तसाच चालू ठेवून त्यांनी मान हलवली. नको करू, अशी.

बाहेर चहाच्या टपरीवर मी विचारलं, "त्यांना ऐकू येत नाही?"

"बारीक सूर नाई येत. जाड येतात. उजव्या कानानं तं काहीच नाई. तीन वरीस झाले."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"काय सांगू? थ्या बाईनं मले अर्धा जनम सुरात ठेवलं. आता मी तिले सांगू का, बाई, तू बेसूर झाली?" त्यांनी कप ठेवला. "तूबी नको सांगू. खालचे सूर धरजो, बस."

तेव्हापासून माझी भीती सुरू झाली. ती नीट सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढं घाबरण्यासारखं काय आहे? साथवाला चुकला तर गायक सांभाळून घेतो. हाच आमच्या धंद्यातला विमा. इथं तो नव्हता. माझं बोट चुकलं तर ताई त्या चुकीच्या सुरावर जातील, तीनशे माणसांसमोर बेसूर गातील, आणि त्यांना कळणारही नाही. लोकांच्या चेहऱ्यावरून कळेल. ते मला बघायचं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून मला काही खाववत नसे. कीबोर्डच्या पट्ट्या घामानं निसरड्या होत, म्हणून मांडीवर नॅपकिन ठेवू लागलो. घरी बायको विचारायची, "तुम्हे हुआ क्या है?" मी म्हणायचो, ॲसिडिटी.

चांदूर बाजारला एका शाळेच्या पटांगणात सकाळचा कार्यक्रम होता. कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून एक छोटा स्पीकर ठेवतात. त्याला मॉनिटर म्हणतात. तो शिट्टी मारू लागला म्हणून साउंडवाल्यानं न विचारता बंद केला. तिसऱ्या गाण्यात ताई हळूहळू खाली उतरायला लागल्या. एका कडव्यात पुरा अर्धा सूर. आता माझा कीबोर्ड बरोबर वाजत होता आणि ताईंचं गाणं चूक. पहिल्या रांगेतल्या एका मास्तरांनी कपाळाला आठी घातली.

प्रत्येक गाणाऱ्याची एक पट्टी असते. म्हणजे कीबोर्डवरच्या कोणत्या पट्टीला त्याचा सा मानायचा ते ठरलेलं असतं. ताईंची काळी चार. कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं बटन असतं. बोटं जागच्या जागी ठेवून सगळा बाजा अर्ध्या सुरानं खालीवर करता येतो. पण ते गाणं चालू असताना दाबायचं नसतं. क्षण चुकला तर फुटक्या भांड्यासारखा आवाज येतो.

मी ताईंच्या खांद्याकडे बघत बसलो. खांदा वर गेला. मी हात उचलला, बटन दाबलं, हात परत ठेवला. आता आमचा सा एक झाला. प्रभाकररावांचा दायां, म्हणजे उजव्या हाताचा बारीक सुराचा तबला, जुन्या सुराला लावलेला, तो आता खटकला असता. त्यांनी काही न बोलता दायां जवळजवळ सोडून दिला आणि डाव्या हाताच्या जाड आवाजाच्या बायांवरच गाणं ओढलं. मास्तरांची आठी गेली.

परतताना ताई म्हणाल्या, "आज आवाज मस्त लागला." आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतर पुढच्या महिन्यात वरूडचा कार्यक्रम आला. वसंतभाऊ नावाच्या संत्रा व्यापाऱ्याच्या पॅकिंग शेडमध्ये, दुपारी दोनला. रस्त्यानं बागा दिसत होत्या. कित्येक झाडं उभ्याउभ्या वाळलेली, पानं करपून फांदीलाच चिकटलेली. विहिरींना पाणी नव्हतं.

वसंतभाऊ म्हणाले, "यंदा माल अर्धाबी नाई. पन बाया कामाले येतात. घरी बसून नुसत्या काळजी करून राहिल्या असत्या. त्याइले दोन घंटे बरं वाटू द्या, ताई."

संत्री निवडणाऱ्या बाया पोत्यांवर दाटीनं बसल्या होत्या. मागे लाकडी पेट्यांची चळत आणि तिला टेकून ड्रायव्हर, हमाल. मी सगळ्यात आधी लोडशेडिंगचं विचारलं. वसंतभाऊंनी शेडमागचा जनरेटर दाखवला. मॉनिटर मी स्वतः ताईंच्या डाव्या बाजूला ओढून घेतला आणि साउंडवाल्याला हात जोडून सांगितलं, हा बंद करू नको.

लाइट आधीपासूनच नव्हती. सगळं जनरेटरवर चालू होतं. चौथ्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात जनरेटरनं दोन आचके दिले आणि बंद पडला.

माझ्या बोटांखालून आवाज गेला. माइक गेला, मॉनिटर गेला. पट्ट्या दाबतोय आणि नुसती प्लॅस्टिकची टकटक.

ताईंनी डोळे उघडले. चौरंगावरची त्यांची बोटं पसरली आणि लाकूड चाचपायला लागली. तेव्हा मला कळलं, तो हात आधारासाठी नव्हता. कीबोर्डच्या सुरांची थरथर त्या बोटांनी ऐकत होत्या. थरथर थांबली होती. त्या गात राहिल्या, पण आवाज वर चढायला लागला. बुडणारा माणूस मान वर काढतो तसा. प्रभाकरराव दायां जोरात वाजवून सूर देत होते. पण तो बारीक सूर. तो ताईंपर्यंत पोचतच नव्हता.

मागे एक ड्रायव्हर हसला. ताईंनी माझ्याकडे बघितलं. शाळेत तीस वर्षं पोरांना धाकात ठेवलेल्या बाईंचे ते डोळे मला आजही नीट आठवत नाहीत, कारण मी लगेच नजर वळवली.

मी गाणारा नव्हे. माझा आवाज घोगरा. चारचौघांत मी कधी एक ओळ म्हटली नव्हती. पण दुसरं काही हातात नव्हतं. मी चौरंग ढकलला, गुडघ्यांवर सरकत ताईंच्या डाव्या कानाशी गेलो आणि खालचा सा लावला. जमेल तेवढा खाली, छातीतून. पहिला सा थरथरला. मला वाटलं, माझीच भीती त्यांच्या कानात ओततोय. दुसरा जरा सरळ गेला.

ताईंचं डोकं माझ्याकडे कललं. त्यांनी माझं मनगट धरलं. अर्ध्या ओळीवर त्या थांबल्या, श्वास घेतला आणि माझ्या सा वर येऊन बसल्या. अगदी अचूक. मी सा धरून ठेवला. दम संपला की पटकन श्वास घ्यायचा, पुन्हा सा. गाणं असंच शेवटपर्यंत गेलं.

टाळ्या पडल्या. ताईंनी हात वर केला. माइक नव्हता. मोठ्यानं म्हणाल्या, "थांबा. एक सांगाचं हाये. मले ऐकू येत नाई. हे दोघं मले सांभाळून घेतात. आज तुमच्यासमोर गानं बिघडलं, माफी करा. आता मी थांबते."

मी त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलो होतो. आता लोक उठतील, असं वाटत होतं.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई, हातांना संत्र्याच्या सालीचा पिवळा रंग, बसल्या जागेवरून बोलली, "बाई, आमाले तं आयकू येऊन राहिलं ना. तुमी म्हना."

बाया हसल्या. ताईही हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लाव सा."

आम्ही आणखी तीन गाणी केली, बिनमाइकची. मागची माणसं उठून पुढे येऊन बसली. दुसऱ्या दिवशी माझा घसा पार बसला होता.

परतीच्या जीपमध्ये मोर्शी गेल्यावर ताई म्हणाल्या, "चांदूर बाजारले तू पट्टी खाली घेतली होती."

मी त्यांच्याकडे वळलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"चौरंगावर हात होता माहा. बटनाचा खटका लागला मले."

"मग बोलल्या नाहीत?"

"काय बोलू? तू सोडून जाशीन, असं वाटलं."

प्रभाकरराव पुढच्या सीटवर खोकल्यासारखं काहीतरी करून खिडकीकडे वळले.

पुढे अमरावतीच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. त्यातून बोलणं ऐकू यायचं, गाणं मात्र पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं. ताई गाताना ते काढून ठेवत. दोन ठिकाणचे ठरलेले कार्यक्रम बातमी पोचल्यावर रद्द झाले. बाकीचे झाले. प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला ताई स्वतःच लोकांना सांगत, मग गात. अशी चार वर्षं आम्ही बसलो. मी बॅटरीवर चालणारा कीबोर्ड घेतला. माझी ॲसिडिटी वरूडनंतर दोन-तीन कार्यक्रमांतच गेली.

आता माझ्याकडे साथ शिकायला लोक येतात. त्यांना ट्रान्सपोज, जागा भरणं, खांद्याकडे बघणं, सगळं शिकवतो. आणि एक गोष्ट सांगतो. आम्ही दोघं ताईंपासून आणि ताई आमच्यापासून वर्षभर एकच गोष्ट लपवत होतो, आणि ती तिघांनाही ठाऊक होती. तेवढी मेहनत रियाजाला दिली असती तर तिघांचंही भलं झालं असतं.