नाकवाले आणि तीन ग्लास

अठ्ठावीस वर्षं साबणाच्या कारखान्यात सुगंध तपासले, म्हणून गल्लीत त्यांना सगळे नाकवाले म्हणत. निवृत्तीनंतर ते नाक मुलीच्या कामाला आलं. ती घरामागच्या शेडमध्ये बिअर बनवायची आणि प्रत्येक खेप बाटल्यांत भरण्याआधी वडिलांपुढे तीन ग्लास मांडायची. दोनांत आधीची बिअर, एकात नवी. नवी वेगळी ओळखू आली नाही, तर खेप पास.

पण महिन्यापूर्वीची सर्दी जाताना वास घेऊनच गेली. नाकवाल्यांनी कुणाला सांगितलं नाही. मागच्या खेपेला ‘तिन्ही सारखेच’ म्हणून सुटले होते. आजही तेच म्हणाले.

"नक्की ना, बाबा? मला जरा आंबूस वाटली."

"तुझं आपलं काहीतरीच."

"मग भरते. तुमच्यापुढे माझं नाक ते काय!"

ती बाटल्या भरू लागली आणि इकडे यांचा जीव खालीवर. दारापर्यंत गेले, परत आले. पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. ग्लासात खोल नाक खुपसलं. फेस मिशीला लागला, बाकी काही नाही.

"बाबा, एका जागी बसा हो! पायाला भिंगरी लागलीय का?"

अकराव्या बाटलीला त्यांनी नळ बंद केला.

"मला वास येत नाही."

"म्हणजे?"

"महिना झाला. दूध करपलं तरी कळत नाही."

"आणि मागची खेप?"

"अंदाजपंचे."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती हातातली बाटली पुसत राहिली. मग म्हणाली, "आत्याला बोलवा."

"ती कुठे पिते?"

"हुंगायला काय जातंय? शेजारी काय शिजतंय ते तिला अंथरुणात कळतं."

आत्या कुरकुरतच आली. तिन्ही ग्लास हुंगले आणि मधला लांब सरकवला. "ही आंबलीय बाई. काय रे, नाक गहाण टाकलंस का?"

मधल्यातच नवी होती. मुलीने टाकीचा खालचा नळ सोडला. धार मोरीकडे धावली.

"मागची कोपऱ्यावरच्या बारवाल्याकडे गेली ना? नंबर दे," नाकवाले म्हणाले. "तू नको बोलूस. मी सांगतो त्याला."

त्यांनी फोन लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. बारवाल्याने उचलेपर्यंत, पहिलं वाक्य काय बोलायचं ते त्यांनी तीनदा बदललं.