पडदा बावीस इंची

मला आवाज काढता येतात. एसटीचा कंडक्टर, आमचे मुख्याध्यापक, सर्दी झालेले मुख्याध्यापक, पौडच्या बाजारात मिरची विकणारी आजी, सगळे. गावात कुणाकडं पाहुणे आले की मला बोलावणं यायचं. एक नक्कल झाली की दुसरी, दुसरी झाली की चहा. ह्या कलेचा मला आयुष्यात एकदाच खरा उपयोग व्हायला पाहिजे होता. नेमका तेव्हाच झाला नाही.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिनं आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायचा. त्या टायमाला आमच्या कासार आंबोलीपासून पार कोळवणपर्यंत पुण्याची माणसं शनिवार-रविवारचे बंगले बांधत सुटलेली. ज्यांना भात आणि नाचणी शेजारी ठेवली तरी ओळखू येणार नाही, ती भाताच्या खाचरात पोहायचा तलाव काढायची. पिरंगुटला एका आर्किटेक्टचं ऑफिस होतं. त्याच्याकडं कामं जास्त आणि कंप्युटर कमी. तो ताईला म्हणाला, घरी स्वतःचा कंप्युटर घे, कोळवणच्या एका बंगल्याचे सगळे नकाशे करून दाखव. वेळेत झाले तर पुढची कामं तुला.

घरात तेव्हा तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. ताईनं सरळ आण्णांशी, म्हणजे वडलांशी, सौदा केला.

"काम लागलं तर दोन वर्सं लग्नाचं नाव काढायचं न्हाई."

"आन न्हाई लागलं तर?"

"तर तुमी दाखवाल त्याच्या गळ्यात माळ घालते. तोंड वाकडं करनार न्हाई."

आण्णा बराच वेळ तंबाखू चोळत बसले आणि "बरं" म्हणाले. तेवढ्या एका "बरं"वर ताई आठवडाभर घरात गुणगुणत होती.

कंप्युटर देणार होता आमचा मामा. मामा महाळुंग्याचा. त्याच्या खाचरावर आता बिल्डिंगचं पार्किंग होतं आणि तो पांढरे बूट घालून फिरायचा. "भाचीला कंप्युटर माझ्याकडनं" हे त्यानं एका जावळाच्या कार्यक्रमात माइकवरून सांगितलेलं, त्यामुळं आता मागं फिरायचा प्रश्न नव्हता. रविवारी सकाळी तो नवीकोरी जीप घेऊन आला. सोबत दोन दोस्त. मामा चपलासुद्धा एकटा घेत नाही, बघायला माणसं लागतात.

ताई तयार होऊन उभी होती. चांगला ड्रेस, केसाला पिन.

"तू कुटं?" मामा म्हणाला. "जीपमधी जागा कुटं हाय? आमी आनतो की. एक नंबर आनतो."

पुढं ड्रायव्हर आणि मामाची जागा, मागच्या सीटवर मामाचे दोस्त पाय पसरून बसले होते. दोघांच्या मध्ये एक कलिंगडसुद्धा मावेल एवढी जागा होती. ताईनं ती बघितली, मी बघितली. मग ती मला मोरीपाशी घेऊन गेली.

"हे बघ, कागद दिला तर मामा खिशात घालंल आन तसाच धुवायला टाकंल. तू पाठ कर. तुला एकदा ऐकलं की येतं."

आणि तिनं सांगितलं. रॅम दोन जीबी. ग्राफिक कार्ड वेगळं, बोर्डावरचं नको. एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा भाग, चांगला घ्यायचा, लोकल नको. यूपीएस घ्यायचाच घ्यायचा. मॉनिटर सतरा इंची, जुन्या टीव्हीसारखा जाडा असला तरी चालंल. पैसा कमी पडला तर मॉनिटर अजून बारका कर, पण रॅमला हात लावू नको.

"रॅम म्हंजी काय?"

"खळं," ताई म्हणाली. "खळं बारकं असलं तर भात झोडायचा कुटं? नुसते भारे आत-बाहेर करत दिवस जातो. धान्याचं नावच न्हाई."

मी सगळं तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं. मान तिरकी करून, शेवटच्या शब्दावर जरा जोर देऊन.

"माझा आवाज येवडा बारीक हाय व्हय?" ती हसली आणि मला जीपकडं ढकललं.

दुकान पुण्यात बुधवार पेठेतल्या एका गल्लीत होतं. एवढंसं, आणि छतापर्यंत खोकी. मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, निम्मं मराठी निम्मं हिंदी. आम्ही शिरलो तेव्हा काउंटरवर एक बावीस इंची चपटा पडदा चालू होता आणि त्यात रंगीत मासे पोहत होते.

मामा तिथंच थांबला. दोस्त थांबले. एक मासा डावीकडून उजवीकडं गेला तशा तिघांच्या माना गेल्या.

"ह्यो," मामा म्हणाला.

"साहेब, पहले ये बताओ, काम काय करणार?" मालकानं विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं विचारलं, हे मला सांगायलाच पाहिजे.

"पोरीला पायजेल. घरी."

"घरगुती. मग पुरेल."

मी पुढं झालो. "मामा, ताईनं सांगितलंय, रॅम दोन जीबी पाहिजे. पडदा बारका चालंल, पण..."

मामानं दोस्तांकडं बघितलं. "आयला, आली बघा ताई! ऐका ऐका, सेम टू सेम तिचा आवाज हाय का न्हाई?"

दोस्त हसायला लागले. मी तेव्हा ताईचा आवाज काढतच नव्हतो. तो माझाच होता.

"न्हाई मामा, खरंच..."

"शेठ, ह्यो आमचा भाचा लई डेंजर हाय. धा मिनटं हितं उभा राह्यला तर तुमचा बी आवाज काढंल."

"अच्छा?" मालकानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "काढ की मग."

मी विचार केला, माझं ऐकत नाहीत, निदान मालकाचं तरी ऐकतील. चष्मा नव्हता, तरी बोटानं कपाळावर सरकवला. नाकातून आवाज लावला आणि म्हणलं, "साहेब, मेरी सुनो. ताईला नकाशे काढायचेत. दोन जीबी रॅम टाका, कार्ड अलग टाका, एसएमपीएस में कंजूसी मत करो. पडदा सतरा इंची बास. मासे पोसायचेत का तुम्हाला?"

गल्लीतली माणसं आत डोकावली एवढं हसणं झालं. मालक तर काउंटरवर थापा मारत होता. हेच शब्द त्यानं स्वतः उच्चारले असते तर मामानं मान हलवली असती. माझ्या तोंडातून निघाले म्हणून नुसता खेळ झाला. मालकानं खूश होऊन मला एक माऊसपॅड फुकट दिलं. निळं, वर मासा.

पडदा बावीस इंची घेतला. मग बाकीचं उरलेल्यात बसवायचं होतं. रॅम पाचशे बारा एमबी, म्हणजे ताईनं सांगितलेल्याच्या पाव. चित्र भराभर दाखवणारं ग्राफिक कार्ड बोर्डावरचंच. एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. कॅबिनेटला, म्हणजे बाहेरच्या डब्याला, मात्र पुढं निळे दिवे होते, ते मामानं आवर्जून घ्यायला लावले. वीज गेली तरी मशीन थोडा वेळ चालू ठेवणारा यूपीएस राहिला.

"डब्यात काय हाय ते कोन उघडून बघतंय?" परत येताना मामा म्हणाला. मी मागं दोघांच्या मधल्या जागेत बसलो होतो, पडद्याचं खोकं मांडीवर घेऊन. कॅबिनेट सगळ्यांच्या पायात होतं.

घरी पडदा पुढच्या खोलीत मांडला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला. डबा टेबलाखाली, चपलांशेजारी. शेजारपाजार बघायला आला. "केवढा कंप्युटर!" सगळे म्हणायचे आणि पडद्याकडं बघायचे. ताई वाकून डब्याच्या मागच्या वायरी बघत होती. मग तिनं मशीन चालू केलं, आत काय काय आहे ते वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मी सांगितलं गं," मी म्हणलं.

"कुनाच्या आवाजात?"

मी माऊसपॅड पुढं केलं.

तरी तिनं काम सुरू केलं. भिंती काढेपर्यंत मशीन चालायचं. खोल्या भरायला लागली की धापा टाकायचं. कंपाउंडच्या दगडी भिंतीचं काम आलं, सगळ्या भिंतीत दगडाची नक्षी भरायची, तेव्हा ते पार बसलं. ताई एक बटण दाबायची, उठून भाकरी थापायची, परत येऊन बघायची. बावीस इंची पडद्यावर अजून तोच एक दगड, मोठा आणि स्वच्छ. टेबलाखालच्या डब्यात भारे आत-बाहेर चाललेले असायचे.

त्यात लोडशेडिंग. धरण आमच्या तालुक्यात, गावं आमची बुडाली, वीज मात्र घाट उतरून मुंबईला. आमच्याकडं गेली की पडदा काळा आणि ताईचा सकाळपासूनचा बंगला गायब. पुढं पुढं ती प्रत्येक रेघेला सेव्ह करायची. रेघ, सेव्ह. रेघ, सेव्ह. त्यातही वेळ जायचा. ती रडली नाही. एकदा फक्त टेबलाखालच्या डब्याला पायानं हळूच ढकललं आणि निळे दिवे लुकलुकले.

नकाशे पूर्ण झाले, पण उशिरा. आर्किटेक्ट म्हणाला, "काम स्वच्छ आहे गं, पण मला इतकं थांबता येत नाही." तो बंगला आणि पुढची कामं पौड फाट्यावरच्या एका पोराला गेली. ताईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आण्णांनी पुन्हा तंबाखू चोळली. ह्या वेळी "बरं" ताई म्हणाली.

बघायला आलेली माणसं कोळवणची. पोरगा पिरंगुटच्या कंपनीत सुपरवायझर. मामानं आधी येऊन मासे चालू करून ठेवले होते. "पोरगी कंप्युटरवाली हाय," तो म्हणाला. पोराच्या वडलांनी मान हलवली आणि विचारलं, "ह्याच्यावर टीव्ही लागतो का?"

"न लागायला काय झालं!" मामा म्हणाला.

ताई पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. ती ह्याच्यावर काय करते, कशाचे नकाशे काढते, एकानंही विचारलं नाही.

लग्नात जीपमध्ये कपाट, भांडी आणि वर दोरीनं बांधलेला पडदा असं सगळं गेलं. मी डबा उचलून आणला तर मामा ओरडला, "त्यो कशाला? त्यांनी कंप्युटर मागितलाय. नुसतं वजन." डबा परत टेबलाखाली गेला. ताईचा अख्खा बंगला त्याच्या पोटात. आता आई त्याच्यावर पिठाचा डबा ठेवते.

मधी दिवाळीला मी कोळवणला गेलो. पुढच्या खोलीत तिची सासू बावीस इंचाला टीव्हीची पेटी जोडून मालिका बघत होती. "भाऊ, कंप्युटर लई भारी दिला बरं का तुमी," ती म्हणाली. आत ताई चहा करत होती. मागच्या दारातून तो बंगला दिसतो, दगडी कंपाउंडवाला. झाला बांधून.

"जिना उजवीकडं घेतला त्यांनी," ताई म्हणाली. "उजवीकडनं पावसाची झड येती. मी डावीकडं काढलेला."

मला सुचेनासं झालं की मी जे करतो तेच केलं. "कुनाचा आवाज काढू? कंडक्टरचा? सासूबाईंचा?"

"माझा काढ," ती म्हणाली. "त्या दिवशी मोरीपाशी काढलावतास त्यो."

मी मान तिरकी केली. रॅम दोन जीबी. ग्राफिक कार्ड वेगळं, बोर्डावरचं नको. यूपीएस घ्यायचाच घ्यायचा. पैसा कमी पडला तर मॉनिटर बारका कर, पण रॅमला हात लावू नको.

बाहेरून सासू खो खो हसली. "अगं बाई! हुबेहूब तुझा आवाज की गं!"

ताईनं चहा गाळला.

"एसएमपीएस राह्यला," ती म्हणाली आणि कप घेऊन बाहेर गेली.