भाऊसोच्या जीपची पाठवणी

आमच्या उंब्रजच्या भाऊसोला कुणी शहाणा म्हणत आसंल, तर त्याला आदी माझ्याकडं धाडा. हायवेच्या कडंला माझं गॅरेज हाय. नियाज फिटर म्हटलं की कुणीबी दावंल.

भाऊसो मिल्ट्रीतला ड्रायव्हर. रिटायर होऊन आला आन् जुनी जीप घिऊन वडाप सुरू केलं. गच्च माणसं भरायची, मगच चाक हालायचं. जीप एकदा पळायची, दोनदा माझ्या दारात यायची. खोटं कशाला बोलू, माझी निम्मी चूल त्या जीपवरच पेटायची.

यंदा त्याचा पोरगा विश्वजीत म्हणाला, "आबा, जुनी गाडी भंगारात दिली की नव्या गाडीच्या करात सूट हाय. कारखान्यांना काम मिळतं, देशाचा पैसा फिरतो."

"देशाचा फिरंल रं, माझा थांबंल त्याचं काय?" मी म्हटलं. पण ऐकतोय कोण?

भाऊसो तयार झाला. आन् भंगारात द्यायच्या आदी हा बहाद्दर जीप घिऊन माझ्याच दारात!

"नियाज, ब्रेक, क्लच, हॉर्न, समदं नीट कर. रंग बी मार."

"आरं, मोडायला चाललीय ती!"

"म्हणून काय झालं? एवढी वर्षं राबली. तिला आशी बोडकी धाडू? बेंदराला बैलाची शिंगं न रंगवता कुणी सोडतं का?"

मी बी कामाला लागलो. भाऊसोच्या घरच्या रंगूवहिनींनी बॉनेटला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, पुरणपोळीचा निवद दावला. करातली सूट मी, रंगारी आन् हारवाल्यानं वाटून खाल्ली. विश्वजीत डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, "बघ गड्या, फिरला का न्हाई पैसा?"

भंगारवाला गेटावर म्हणाला, "ही तर झ्याक पळती की!" भाऊसो आसा फुगला, जशी लेक पास झाली. किल्ली द्यायच्या येळंला मातुर त्याची मूठच उघडंना. येताना आमी दोघं यष्टीनं आलो. मलाबी लय वाईट वाटलं.

नवी गाडी आली. बाहेरच्या फिटरनं हात लावला तर वॉरंटी जाती म्हणं. माझं गॅरेज सुनं पडलं. बाकी गिऱ्हाईकं हायेत, पण दिसभर भांडायला माणूस लागतं. मला राग आला. सरकारचा आला, विश्वजीतचा आला, भाऊसोचा तर लयच आला.

काल नवी गाडी दारात हुबी राहिली. भाऊसो उतरला.

"काय बिघडलं?" मी तुसडेपणानं इचारलं.

"काय बिघडत न्हाई, त्योच तर घोळ हाय." तो माझ्या मोडक्या बाकड्यावर बसला. "नियाज, मडगार्डाचा एखादा नट ढिला कर. जरा खडखडू दे."

"वॉरंटी जाईल की रं!"

"जाऊ दे. च्या सांग आदी."

मी त्याला दोन शिव्या हासडल्या, च्या सांगितला आन् पाना हुडकायला लागलो.