आठच्या आतला बर्फ

आयुष्यात माझ्या हातून झालेल्या चुकांमधली सगळ्यात मोठी चूक मी दोन बादल्या गरम पाण्यासाठी केली. हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ दे. मला अजून येत नाही.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे बडोद्याला, सुभानपुऱ्यात राहतात. त्यांची सगळी नोकरी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात गेली, डिझेल इंजिनांच्या पोटात हात घालून. निवृत्त झाले तरी कान तिथेच राहिले. सोसायटीतून कुणाची स्कूटर गेली की चहाचा कप खाली न ठेवता सांगणार, "ह्याची क्लच वायर तुटणार आठवड्याभरात." माझा नवरा वाघोडियाच्या कारखान्यातून परत येताना त्याची मोटारसायकल त्यांना कोपऱ्यावरूनच ओळखू यायची, आणि तिचं काय दुखतंय तेही कळायचं. नवऱ्याचं काय दुखतंय ते मला कधी कळलं नाही, ते सोडा.

सहा वर्षांपूर्वी मी त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि त्यात त्यांना बर्फावरची स्कूटर सापडली. पुढे दोन पाय, मागे रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन. बाकी लोक असले व्हिडिओ डोंगर बघायला लावतात. बाबा यंत्राचं पोट दिसेल अशा जागी व्हिडिओ थांबवायचे आणि फोन डोळ्यांशी नेऊन बसायचे. मग एक दिवस मी भाजी निवडत असताना माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मला ही एकदा चालवायचीय. मागे बसून नाही हं. स्वतः."

माझ्या बाबांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही. चहात साखर कमी पडली तरी तसाच पितात. त्यामुळे मी निवडलेल्या मेथीवरच हात पुसून म्हटलं, "जाऊ या ना बाबा. हिमाचलला जाऊ."

"मार्चमध्ये जाऊ. तेव्हा बर्फ कडक असतो."

"मार्चमध्ये माझ्या परीक्षा असतात."

"तुझ्या?"

"मुलांच्या! पण वर्गात बसावं मलाच लागतं."

मी शाळेत शिकवते. आमच्या घरच्या सगळ्या सहली मे महिन्यात होतात, कारण माझी सुट्टी तेव्हा आणि बाबांना रेल्वेचा पासही तेव्हाच काढायची सवय. बाबांनी मला समजावून पाहिलं. ह्या गाडीचं इंजिन गार ठेवायला बर्फच लागतो, म्हणाले. पट्टा बर्फ उडवतो, तो वरच्या नळ्यांवर बसतो, त्यातलं पाणी गार होतं. पट्ट्याखाली प्लास्टिकच्या घसरपट्ट्या असतात, त्यांना वंगण म्हणूनही बर्फच. मेमध्ये ऊन चढलं की सगळा चिखल होतो. चालवायची असेल तर भल्या सकाळी, आठच्या आत, रात्रीच्या थंडीनं वरचा थर घट्ट धरलेला असतो तोवर. मी सगळं ऐकलं आणि मेची तिकिटं काढली.

मनालीला आम्ही तिघं गेलो, मी, नवरा आणि बाबा. टॅक्सीवाल्यानं आदल्या संध्याकाळी बाबांचंच म्हणणं हिंदीत सांगितलं. साढ़े चार बजे निकलेंगे, सात तक ऊपर, आठ के बाद कुछ नहीं मिलेगा. मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला ते टॅक्सीवाल्याचं नाटक वाटलं होतं.

सकाळी चारला बाबा गार पाण्यानंच आंघोळ उरकून तयार होते. आईनं विणलेला स्वेटर, त्यावर भाड्यानं आणलेला जाड कोट, डोक्याला माकडटोपी. हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये खुर्चीत ताठ बसले होते, पाळीचा भोंगा व्हायच्या आधी दारात उभे राहत असतील तसे. आणि मी वर गीझरशी भांडत होते. आमच्याकडे आंघोळ केल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. तापात नाही, प्रवासात नाही, कधीच नाही. त्या गीझरमधून दोन तांबे कोमट पाणी आलं आणि वीज गेली. नवरा म्हणाला, "आजच्या दिवस राहू दे की." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो शांतपणे बुटाची नाडी बांधायला बसला. साडेपाचला वीज आली. पाणी तापायला पाऊण तास. मग माझी, मग नवऱ्याची आंघोळ. मग बाबांचं पोट बाहेरच्या खाण्यानं बिघडेल म्हणून मी घरून आणलेले थेपले आणि छुंदा काढला, चहा मागवला.

मध्ये एकदा बाबा जिना चढून वर आले. त्या वयात, त्या कोटात. दारातूनच म्हणाले, "उजाडलं गं."

मी ओल्या केसांना टॉवेल बांधत होते. म्हटलं, "बाबा, बर्फ काही पळून जात नाही!"

ते परत खाली गेले. त्यांच्या बुटांचा जिन्यावरचा आवाज मला ऐकू येत होता आणि मी खुशाल केस पुसत होते.

आम्ही वर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. बर्फ होता, पण भिजलेल्या रव्यासारखा, आणि मधून मधून काळी जमीन वर आलेली. स्कूटरींचा रस्ता म्हणजे दोन्हीकडे झेंडे लावलेली एक लांब पट्टी होती. तिच्यातून पाणी वाहत होतं. मशीनवाले ताडपत्र्या घालून निघायच्या तयारीत होते. एकच म्हातारासा माणूस राहिला होता. त्याच्या यंत्रातून वाफ येत होती. बाबांचा चेहरा बघून असेल, पण तो म्हणाला, "बाबूजी को उस कोने तक घुमा लाता हूँ. पीछे बैठ जाइए."

मी लगेच फोन काढला. "बसा बाबा, फोटो काढते."

बाबा बसले नाहीत. ते आपल्या गुडघ्यांचा विचार न करता यंत्राजवळ उकिडवे बसले, हातमोजा काढला, पट्ट्याच्या खाली हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"नको. तापलीय ही. आता चालवली तर घसरपट्टी जळेल."

"अहो, इतक्या लांब आलोय! त्याची मशीन, त्याला चिंता. तुम्ही बसा ना नुसते."

"जवा दे ने," बाबा म्हणाले. घरातला कुठलाही वाद संपवायचा असला की ते गुजरातीत हेच म्हणतात. आणि मी, त्यांची मुलगी, तिथे चार लोकांदेखत चिडले. म्हटलं, तुमचे नखरेच फार. नखरे! हा शब्द मी वापरला. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या इंजिनाला स्वतःचं म्हणून जपलेल्या माणसाला.

ते चिडले नाहीत. त्यांनी जवळच्या सावलीतला बर्फ ओंजळीत घेतला आणि यंत्राच्या पोटाखाली नळ्यांवर थापायला लागले. तो माणूस आधी बघत राहिला, मग हसला आणि स्वतःही बसला. अर्धा तास दोघं त्या मशीनला बर्फाचा लेप लावत होते. बाबा विचारत होते, तो सांगत होता. वाफ थांबल्यावर बाबांनी सीटवर हात फिरवला, फक्त हात. निघताना त्या माणसानं त्यांना आपला नंबर दिला. "अगले साल मार्च में आना बाबूजी, आठ बजे से पहले. चाबी आपके हाथ में दूँगा."

गाडीत बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी मार्चमध्ये, हां?"

"हो हो," मी म्हटलं. माझं लक्ष ओल्या मोज्यांकडे होतं.

पुढच्या फेब्रुवारीपासून बाबांनी त्या माणसाला फोन करायला सुरुवात केली. दर आठवड्याला एकदा, सकाळच्या चहानंतर. मग मला बातमी द्यायचे. काल पुन्हा पडलाय. वरचा थर नवाकोराच आहे. खालचा रस्ता उघडा पडला, पण वरचा नऊपर्यंत चालतो. इकडे बडोद्यात पंखे फुल्ल झालेले, मी पेपर तपासत बसलेली आणि बाबा मला हजार मैलांवरच्या बर्फाची तब्येत सांगताहेत. मी हं म्हणायचे. त्या वर्षी माझी बोर्डाच्या परीक्षेची ड्यूटी होती. पुढच्या वर्षी नवऱ्याच्या कारखान्यात काम वाढलं. त्याच्या पुढच्या वर्षी मीच म्हटलं, तुमच्या गुडघ्यांना आधी विश्रांती देऊ. कारणं सगळी खरी होती. पण मी एकदाही रजा मागून पाहिली नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी ती दिली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग एका दिवाळीत बाबांना दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना मध्ये बसावं लागलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, हृदयाचं काहीतरी सांगितलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काका, हवे डुंगर बंध." आता डोंगर बंद. बाबा "बराबर" म्हणाले आणि शर्टाची बटणं लावायला लागले. त्या फेब्रुवारीत त्यांनी फोन केला नाही. मी वाट पाहत होते. त्यानंतरही केला नाही.

आता ते बहुतेक वेळ पलंगावर असतात. कधी सगळं लख्ख आठवतं, कधी मला आईच्या नावानं हाक मारतात. ह्या मार्चमध्ये मला काय झालं कोण जाणे, मी त्यांच्या फोनमधून तो नंबर शोधला आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत, जिन्याखाली उभी राहून लावला. मी कोण ते सांगितलं. त्या माणसाला बाबा आठवत होते. म्हणाला, यंदा बर्फ उशिरा पडलाय पण भरपूर पडलाय, रस्ता नऊ वाजेपर्यंत दगडासारखा असतो, एप्रिलभर चालेल. "ले आइए ना बाबूजी को. चाबी रखी है." मला त्याला डॉक्टरांचं सांगता आलं नाही. "देखते हैं" म्हणून फोन ठेवला आणि तिथेच रडले.

चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी सकाळी बाबांना चहा पाजताना राहवलं नाही.

"बाबा, वरचा रस्ता यंदा छान आहे म्हणे. तुमच्या माणसाला फोन केला होता."

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, ओळखलं नाही. मग अगदी हळू विचारलं, "किती वाजता निघा म्हणतो?"

"साडेचारला."

कपातला चहा निवला. मग माझ्या मनगटावर हात ठेवून, समजूत घालावी तसे म्हणाले, "मग तू आंघोळ आदल्या रात्रीच करून घे हं."

मी "हो बाबा" म्हटलं.