त्या घरात काय शिजतं

खालापूरची सदफ जपानला गेली तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. परत आली तेव्हा मोडलेलं होतं, आणि मोडणारी बाई तिच्याच घरातली होती. ही गोष्ट विसरायची नाही असं तिने ठरवून टाकलं. तशीही ती विसरणाऱ्यांतली नव्हतीच.

रसायनीच्या एका कारखान्याने भाषा शिकायला तिला वर्षभर तिकडे पाठवलं होतं. राहायची सोय मोरिता नावाच्या नवराबायकोच्या घरी होती. पहिल्याच जेवणात भातावर एक लाल, सुरकुतलेलं फळ आलं. साखरेत मुरवलेला रातांबा असेल म्हणून सदफने अख्खंच तोंडात टाकलं. ते निघालं मिठात मुरवलेलं आंबटढाण फळ. तिचं तोंड वाकडं झालं आणि मोरिताबाई हसत हसत पाणी घेऊन धावल्या.

त्या बाईंनी सदफसाठी नवा तवा आणला, नवी भांडी आणली. दुकानात चष्मा लावून बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायच्या. दारूचा अंश दिसला की बाटली परत फळीवर. डुकराचं मांस तर घरात आणायचंच बंद केलं. नवऱ्याला ते भारी प्रिय. तो बिचारा स्टेशनजवळच्या खानावळीत खाऊन यायचा आणि दाराबाहेर चूळ भरून मगच आत पाऊल टाकायचा. सख्ख्या माणसांनीही इतकं केलं नसतं, असं सदफला वाटायचं. भाजलेला बांगडा, समुद्रातल्या शेवाळाची पानं, आंबवलेल्या सोयाबीनचं कढण, सगळं ती चवीने खायला शिकली.

एकदा तिने घरच्या ग्रुपवर शेवयांच्या वाडग्याचा फोटो टाकला. वर गुलाबी काठाच्या चकत्या होत्या, माशाच्या लगद्याच्या. कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण तिची चाची रुकय्या विचारत बसणारी नव्हती. ती फोटो घेऊन थेट सिराजच्या, म्हणजे सदफच्या होणाऱ्या नवऱ्याच्या आईकडे गेली. “बघा, तुमची सून काय खाते ती. डुक्कर हाय ते.” लग्न मोडलं. आणि थोड्याच दिवसांत चाचीच्या मुलीचं, नाजनीनचं, त्याच सिराजशी जमलं.

सदफ परत आल्यावर त्या लग्नात जेवली, हसली, फोटोतही उभी राहिली. खुलासा केला नाही. चाचीने फासलेलं काळं चाचीच्याच हाताने पुसून घ्यायचं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दिसेल तिथे ती चाचीला सलाम करायची आणि मनात दात-ओठ खायची.

मग चाचीच्या मुलाला, अब्रारला, त्याच जपानी गावात शिकायला जागा मिळाली. सदफच्या भावाला झालेल्या मुलीचा अकिका, म्हणजे बारशाचं जेवण होतं. बायका जेवायला दस्तरखानाभोवती बसल्या होत्या, सिराजची आईही होती. चाची लाडात येऊन म्हणाली, “सदफ, तुझ्या त्या जपानी बाईला फोन कर गं. अब्रारला ठेवून घेईल ती.”

“फोनचं बघू. आधी सांगा चाची, त्या घरात काय शिजतं?”

चाचीचा घास हातातच राहिला.

“डुक्कर शिजत असेल तर अब्रारला तिकडं कशाला पाठवता? आणि नसेल शिजत, तर माझ्या वाट्याला कुठनं आलं?”

सिराजची आई चाचीकडे बघत होती.

“तसं काय नाय तिथं,” चाची पुटपुटली.

“मोठ्यानं सांगा. मागं बसल्यात त्यांना ऐकू जात नाय.”

“साफ शिजतं. हलाल. मी तवा उगाच बोलले.” चाची रडायला लागली. “नाजनीनसाठी बोलले गं.”

सिराजच्या आईने ताटावरून हात काढला आणि उठून गेली. सदफला गोड वाटलं. इतकं गोड की तिची तिलाच थोडी भीती वाटली.

“आता करशील ना फोन?” चाचीने डोळे पुसत विचारलं.

“नाय. ज्या बाईनं माझ्यासाठी सगळं घर बदललं, तिच्या दारात तुमच्या घरातलं माणूस मी उभं करणार नाय.”

अब्रारने काहीच केलं नव्हतं. उलट नाजनीनच्या लग्नात तोच एकटा शरमेने सदफची नजर चुकवत होता. हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि तरी तिने फोन केला नाही.