माझ्या पासपोर्टावरची मुलगी

दुबईत तेव्हा पाणी गाढवांवरून यायचं, आणि बाईमाणसाला बोलायला बाईमाणूस मिळणं पाण्याहून अवघड. म्हणून भिंतीपलीकडे काश्मिरी बिऱ्हाड आलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी माशाचं कालवण घेऊन गेले. नवरा कापडबाजारात रफूगार होता. शालीला पडलेलं भोक तो असं भरायचा की मालकालाही जागा सापडू नये. बायको माझ्याच वयाची. चार वर्षांची मुलगी श्रीनगरला काकाकडे ठेवली होती, बस्तान बसलं की आणायची म्हणून.

दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर त्यांच्याकडे आणखी पाच काश्मिरी जमायचे. शिंपी, ड्रायव्हर, एक गालिचेवाला. काही सीमेच्या इकडचे, काही तिकडचे. भात जेवायचे आणि तावातावाने बोलायचे. म्हणणं एवढंच, की आमचं काय व्हायचं ते आम्हाला विचारा, दिल्लीला नको आणि रावळपिंडीलाही नको. तसा अर्ज लिहून आखातातल्या काश्मिऱ्यांच्या सह्या गोळा करायचे. माझे मिस्टर शिपिंग ऑफिसात क्लार्क, नाकासमोर चालणारे. ते म्हणायचे, "हे हात दाखवून अवलक्षण आहे. तू त्यात पडू नकोस." मला राजकारण कळत नव्हतं. पण सहा फाटक्या माणसांच्या अर्जाला एवढं मोठं सरकार घाबरेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

हसायची पाळी आली नाही. कडक इस्त्रीचा एक गृहस्थ दुकानात येऊन रफूगाराची चौकशी करून गेला. मग घरची पत्रं फोडलेली येऊ लागली. तिकडे काकाला ठाण्यावर बोलावून दिवसभर बसवून ठेवलं. मुलीच्या पासपोर्टाचा अर्ज नामंजूर झाला, पुन्हा केला, पुन्हा नामंजूर झाला. कारण कुणी सांगेना. शेजारीण मुलीसाठी फ्रॉक शिवायची आणि दर ईदला तो उसवून मोठा करायची.

दोन वर्षांनी माझी मुलगी गेली. ती रत्नागिरीकडे गावी माझ्या जावेजवळ होती. तापानं गेली. मला कळलं तोवर माती देऊन झाली होती. तीही शेजारणीच्या मुलीएवढीच, सहा वर्षांची. तिचं नाव माझ्या पासपोर्टावर तसंच राहिलं. त्या काळी मुलांचे फोटो लागत नसत. आईच्या पासपोर्टावर नाव आणि जन्मतारीख असली की मूल आईबरोबर प्रवास करू शके.

त्या नावावर शेजारणीची मुलगी आणायची, ही कल्पना माझीच. शेजारीण आधी नको म्हणाली, मग रडली, मग माझे हात सोडीना. मिस्टर म्हणाले, "पकडली गेलीस तर माझी नोकरी खलास."

मी म्हटलं, "नाव आपल्या मुलीचं आहे. निदान कुणाच्या तरी कामी येऊ दे." दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटीचं तिकीट आणून दिलं.

मी बोटीनं मुंबईला गेले. काकानं मुलीला तिथे आणून माझ्या हवाली केलं. तिला घेऊन मी गावी आले, कारण मला कबरीवर जायचं होतं आणि तिला शिकवायचंही होतं. नाव विचारलं की माझ्या मुलीचं नाव सांगायचं, मला अम्मा म्हणायचं. आमचा मोहल्ला एरवी चुगलखोर, पण सगळं ओळखूनही कुणी तोंड उघडलं नाही. जावेनं माझ्या मुलीचे कपडे तिला घातले. ते तिला अगदी बरोबर बसले, आणि मला त्या पोरीचा रागच आला. मग तिनं रात्री झोपेत माझा पदर धरून ठेवला, तेव्हा राग कुठल्या कुठे गेला. महिन्याभरात ती आमच्यासारखं "काय गो" म्हणायला लागली.

मुंबईच्या धक्क्यावर अधिकाऱ्यानं पासपोर्ट पाहिला आणि आम्हाला आतल्या खोलीत नेलं. मुलीनं नाव बिनचूक सांगितलं. तो हसला. कोपऱ्यात एक गोरा, मऊ चेहऱ्याचा माणूस बसला होता. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि काश्मिरीत काहीतरी बोलला. पोरीचा चेहरा उजळला. आपल्या घरची भाषा ऐकून ती भडाभडा बोलायला लागली, हात हलवून, त्याच्या गुडघ्यावर रेलून. महिनाभरात माझ्याशी ती एवढं बोलली नव्हती. मी तिला थांबवू शकत होते का? कसं थांबवणार? सहा वर्षांचं लेकरू ते.

काका बाहेरच बसला होता. त्याला कधी धरून आणलं होतं कोण जाणे. अधिकाऱ्यानं माझ्या मुलीच्या नावावर पेनानं रेघ ओढली. म्हणाला, "तुम्हाला आत टाकता येईल, पण तुम्ही जा. हिच्या बापाला निरोप द्या. शुक्रवारी जे पाच येतात त्यांची नावं आणि गावं कळवली, की पोरगी पुढच्या बोटीनं येईल." मुलगी काकाचं बोट धरून जाताना मला "अम्मा, चल ना" म्हणाली.

दुबईला बोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि पडावातून खाडीवर उतरावं लागायचं. शेजारीण काठावर उभी होती, नवा फ्रॉक घेऊन. मी उतरले तरी ती माझ्या मागे पडावात बघत राहिली. मी तिला सगळं सांगितलं, निरोपासकट.

ती बराच वेळ फ्रॉकची घडी घालत होती. मग म्हणाली, "आपा, उनको मत बताना. बताओगी तो वो नाम दे देंगे."

"आणि पोरगी?" मी विचारलं.

"उन पाँचों में भी कइयों के बच्चे वहीं हैं."

रफूगार दुकानातून धावत आला. त्याला सगळं आमच्या तोंडांवरूनच कळलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "कुछ कहा उन लोगों ने? कोई शर्त?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "नहीं, भाईसाब. कुछ नहीं कहा."

पुढच्या शुक्रवारी पाचही जण नेहमीसारखे आले. भात तिनंच वाढला.